मंगळवार, शुक्रवार

ओरावा नदीच्या वरच्या अंगाला, जिथे गाव संपतं
आणि सूचिपर्णी झाडी सुरू होते,
तिथे इम्रिख सोकोलिक वही घेऊन आला. साल एकावन्न.
वहीत दोन रकाने:
डावीकडे ‘वैयक्तिक’, उजवीकडे ‘उत्पादनाचं साधन’.
तिसरा नव्हता.

जिल्ह्याच्या वर्गात त्याला शिकवलं होतं
(आणि ते त्याला मनापासून पटलं होतं, हेही नोंदवून ठेवतो)
की कुणाचा डगला कुणी मागत नाही.
उशी, बूट, दाढीचा वस्तरा, आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ,
ज्यावर झोपता, जे झिजवता, ते तुमचंच.
प्रश्न आहे तो त्या वस्तूचा,
जिच्या तोंडात दुसऱ्याचा दिवस घातला
की मागून तुमचा पैसा बाहेर पडतो.
वारूळ मुंग्यांनी बांधायचं, आत नागोबाने राहायचं,
आणि वर मुंग्यांकडूनच भाडं घ्यायचं,
भांडण तेवढ्याशीच.

पाउलीना ह्रोन्चेकोवाच्या खिडकीशी शिवणयंत्र होतं.
काळं, सोनेरी वेलबुट्टी पुसत आलेली.
नवरा खाणीत गाडला गेला, त्या भरपाईतून घेतलेलं.

“यावर कोण बसतं?”
“मी.”
“फक्त तुम्ही?”
“मंगळवारी नि शुक्रवारी शेजारची यूल्का.
कॉलरी मारते, मग हाताने काजं करते.”
“तिला काय देता?”
“सहा अंडी. कधी सात.”

इम्रिखची पेन्सिल हवेतच थांबली.
म्हणजे सोमवारी ही वस्तू वैयक्तिक.
मंगळवारी उजाडताच भांडवल.
बुधवारी पुन्हा उशीइतकी निरागस.
आणि सातव्या अंड्याचं काय करायचं,
ते वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

यूल्का दारातच उभी होती. सोळा वर्षांची,
बोटांच्या टोकांना सुईचे टोचे.
एका शर्टाला काजं किती? सात.
दिवसाला शर्ट किती? नऊ.
त्याने वहीच्या पाठीवर गुणाकार केला
आणि शर्ट बाजारात कितीला जातो, ते पाउलीनाला विचारलं.
पाउलीनाने आकडा सांगितला, खिडकीबाहेर बघत.
यूल्का तो पहिल्यांदाच ऐकत होती.
तिच्या आयुष्याचा हा हिशेब मोठ्याने कुणी केलाच नव्हता,
पाद्र्याने नाही, बापाने नाही,
तिने स्वतःही नाही.

“मग आता हे यंत्र कुणाचं?”
“नाशे,” इम्रिख म्हणाला.

इथे मी अडतो.
त्यांच्या भाषेत त्याला एकच शब्द.
आपल्याकडे दोन: आमचं आणि आपलं.
एकात समोरचा उंबऱ्याबाहेर उभा राहतो,
दुसऱ्यात तो आपल्याशेजारी पाटावर येऊन बसतो.
इम्रिखच्या मनात कोणता होता, ते मी सांगू शकतो;
बोलताना त्याचे कान लाल झाले होते.
यूल्काच्या कानांवर कोणता पडला, ते मात्र नाही.

ती म्हणाली, “गोदामाची किल्ली कुणाकडे राहील?”
“सहकारी संस्थेकडे.”
“संस्थेला खिसा असतो?”

संस्थेला नव्हता.
अध्यक्षाला होता.

इम्रिखने लिहिलं, ‘शिवणयंत्र, नग एक’,
आणि दोन्ही रकाने कोरे सोडले.
वरून विचारणा होणार, हे माहीत असूनही.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं.
डगल्याची बटणं लावताना चौथं काज घट्ट लागलं,
बारीक, एकाला एक चिकटून घातलेले टाके.
गेल्या जत्रेत घेतला होता हा डगला,
भाव पाडून.
तो तिथेच उभा राहिला, बोट काजात अडकवून.

आतून यूल्काचा आवाज आला,
“उद्या शुक्रवार. मी येऊ ना?”